टायटॅनियमच्या कडेचा पांढरा पट्टा: अल्फा केस की पॉलिशिंगची करामत?

माउंट_नं_७ (वेर्णा)

नमस्कार मंडळी. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका चाचणी प्रयोगशाळेत मेटॅलोग्राफीचं (धातूची आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचं) टेबल सांभाळतो. एका लॉटवर काम अडलं आहे. सगळा तपशील देतो, चुकतंय तिथे सरळ बोट ठेवा.

माल टायटॅनियम ६-४ (६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम), फोर्जिंग. हवेच्या भट्टीत ॲनिलिंग (तापवून मऊ करणं), मग केमिकल मिलिंग (ॲसिडने वरचा थर खाणं). ड्रॉइंगवर एकच ओळ आहे: अल्फा केस (तापवताना ऑक्सिजन मुरून कडक, ठिसूळ झालेला वरचा थर) अजिबात चालणार नाही. दर लॉटमागे एक भाग कापायचा आणि त्यातून तीन नमुने घ्यायचे. अ आणि ब सपाट तोंडाचे, क फिलेटच्या (कोपऱ्याच्या) गोलाईतून.

आमची पद्धत अशी. कोल्ड इपॉक्सी माउंट (नमुना रेझिनच्या वडीत बसवणं). सिलिकॉन कार्बाइडचे पेपर २४०, ३२०, ४००, ६००, ८००, १२००. मग केसाळ कपड्यावर ३ मायक्रॉन आणि १ मायक्रॉन डायमंड, शेवटी कोलॉइडल सिलिका २ मिनिटं. मग एचिंग (रचना उठून दिसावी म्हणून ॲसिडने कोरणं): क्रॉल नावाच्या द्रावणात १५ सेकंद.

५०० पटीत तिन्ही नमुन्यांच्या कडेला १२ ते २५ मायक्रॉनचा पांढरा पट्टा दिसतो. कडेपासून २० मायक्रॉनवर ५० ग्रॅम लोडने विकर्स हार्डनेस (कडकपणा) घेतले तर ३३८, ३५१, ३१२. गाभा ३४०. म्हणजे हार्डनेस वाढलेलाच नाही. भरीस भर म्हणजे दुसऱ्या पाळीतल्या सहकाऱ्याने तेच माउंट पुन्हा पॉलिश केले, तर ब नमुन्याचा पट्टा एका बाजूने गायब आणि दुसऱ्या बाजूने जाड. हे प्रकरण जूनपासून वाढलं आहे, मार्च-एप्रिलमध्ये असं क्वचित व्हायचं.

उत्पादनवाले म्हणतात, हार्डनेस नाही म्हणजे अल्फा केस नाही, लॉट सोडा. मला ते पटत नाही, पण पटत नाही एवढं सांगून भागणार नाही. मुद्दा कसा मांडू?

आरसा_फिनिश (फोंडा)

पट्टा कसला ते नंतर. आधी ती कड सपाट आहे का ते बघा.

५० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली फोकसची खोली जेमतेम एक मायक्रॉन असते. गाभ्यावर फोकस करा आणि बारीक फोकसच्या चाकावरचा आकडा लिहा. मग कडेवर फोकस करून परत आकडा लिहा. दोन-तीन मायक्रॉनचा फरक निघाला तर कड गोल झालेली आहे. गोल कडेवरचे दाणे फोकसबाहेर जातात आणि मागे एक कोरी पट्टी उरते. तुम्ही तिलाच पट्टा म्हणत असाल. असा माउंट वाचायचाच नसतो, मग तो पास करणारा असो की नापास.

सर्वात मोठा पुरावा तुम्हीच दिला आहे: पुन्हा पॉलिश केल्यावर ब नमुन्याचा पट्टा बाजू बदलतो. खरा अल्फा केस म्हणजे पृष्ठभागातून आत मुरलेला ऑक्सिजन. वरून पन्नास मायक्रॉन घासले म्हणून तो डावीकडून उजवीकडे जात नाही. बाजू बदलते ती कपड्याची दाब देण्याची दिशा.

आता पद्धतीकडे.

पेपर सहा कशाला? टायटॅनियम पेपरचे कण लवकर बोथट करतं, आणि बोथट पेपर कापत नाही, धातू सारवतो. सारवलेला थर नीट एच होत नाही, तोही पांढरा दिसतो. एकच ३२० घ्या, मिनिटभर वापरा, टाका, नवा लावा. माउंट सपाट झाला की थांबा. मग थेट कडक विणीच्या कपड्यावर ९ मायक्रॉन डायमंड, १५० आरपीएम, ३० मिलिमीटरच्या माउंटला २५ न्यूटनच्या आसपास दाब, ५ ते १० मिनिटं. केसाळ कपडा या कामातून हद्दपार करा. लव धातूपेक्षा रेझिन भराभर खाते आणि कडेवर उतार तयार होतो. आरसा छान येतो, कड मात्र जाते!

शेवटी रसायनाला टिकणाऱ्या सच्छिद्र कपड्यावर कोलॉइडल सिलिका. पाच भाग सिलिकेला एक भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, दहा मिनिटं. तुमची दोन मिनिटं अगदीच तोकडी आहेत. खालचा सारवलेला थर निघायला रसायनाला वेळ द्यावा लागतो. शेवटची १५-२० सेकंद चक्रीवर नुसतं पाणी सोडा, नाहीतर सिलिका वाळून दगड होते आणि ओरखडे काढते. हे मिश्रण रोज लागेल तेवढंच बनवा. पेरॉक्साइड घातलेली बाटली झाकण घट्ट लावून ठेवली तर आत वायू साठून ती फुगते.

आणि जूनचं म्हणाल तर, टायटॅनियमला गोव्याची हवा बाधत नाही, पण रेझिनला बाधते. कोल्ड इपॉक्सीचा हार्डनर अमाइन जातीचा असतो, तो हवेतला ओलावा धरतो. माउंटवर मेणचट साय येते, चिकटपणा कमी होतो, आणि रेझिन नमुन्यापासून केसभर सुटतं. त्या फटीच्या तोंडाशी कड गोल होणारच. हार्डनरची बाटली उघडी ठेवू नका. नमुना अल्कोहोलमध्ये अल्ट्रासोनिक करून, ६० अंशांवर वाळवून, थंड होऊ द्या आणि मगच ओता. जमलं तर या कामाला खनिज भरलेलं गरम माउंटिंगचं इपॉक्सी वापरा. ते आकुंचन कमी पावतं आणि कडेला आधार देतं. दाबाखालीच ४० अंशांपर्यंत थंड होऊ द्या, घाईने काढलं की फट पडलीच. त्याची पावडरही हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवायची.

अडीच_कर्ण (पुणे)

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त हार्डनेसवर बोलतो, कारण उत्पादनवाल्यांचा सगळा डोलारा त्या तीन आकड्यांवर उभा आहे आणि ते तिन्ही आकडे बाद आहेत.

गणित करून बघा. विकर्स म्हणजे १.८५४४ गुणिले लोड, भागिले इंडेंटच्या (हिऱ्याच्या टोकाने पडलेल्या ठशाच्या) कर्णाचा वर्ग. ५० ग्रॅम आणि हार्डनेस ३४० धरला तर कर्ण १६.५ मायक्रॉन येतो. एएसटीएम ई-३८४ या हार्डनेस चाचणीच्या मानकाप्रमाणे इंडेंटचा मध्य कडेपासून निदान अडीच कर्ण आत हवा, म्हणजे ४१ मायक्रॉन. तुम्ही घेतलाय २० वर. तिथे इंडेंटरखालचा धातू मोकळ्या कडेकडे सरकतो, इंडेंट फुगतो आणि आकडा खाली येतो. तुमचा ३१२ गाभ्यापेक्षाही कमी आहे, त्याचं कारण हेच. कड गोल असेल आणि पलीकडे फट असेल तर आणखी घसरतो. म्हणजे तिथे खरा कडक थर असला तरी तुमच्या पद्धतीला तो दिसणार नाही. 'हार्डनेस वाढला नाही' यातून अल्फा केस आहे किंवा नाही, यातलं काहीच सिद्ध होत नाही.

पातळ थराला नूप (लांबट ठसा उमटवणारी हार्डनेस चाचणी) घ्या. नूप म्हणजे १४.२२९ गुणिले लोड भागिले लांब कर्णाचा वर्ग. २५ ग्रॅम आणि हार्डनेस ३५० धरला तर लांब कर्ण ३२ मायक्रॉन आणि आखूड कर्ण जेमतेम साडेचार. लांब कर्ण कडेला समांतर ठेवायचा. मग कडेकडून लागणारं अंतर आखूड कर्णावरून ठरतं: साडेचारचे अडीच पट, म्हणजे ११ मायक्रॉन. पहिला इंडेंट १२ वर सुखाने बसतो. पुढचे २५, ४०, ६०, ९०, १३० वर, एका रेषेत न घेता तिरक्या ओळीत, म्हणजे शेजारचे एकमेकांत ढवळाढवळ करणार नाहीत. गाभ्याचे पाच, किमान अर्धा मिलिमीटर आत.

आता सावधगिरी.

३२ मायक्रॉनच्या कर्णात एक मायक्रॉन वाचायची चूक झाली तर हार्डनेसमध्ये सहा टक्के फरक पडतो, म्हणजे वीस-बावीस अंक. म्हणून प्रत्येक खोलीवर तीन इंडेंट घ्या, एकावर विश्वास ठेवू नका. लांब कर्णाचे दोन अर्धे मोजा. एक दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांहून लांब असेल तर नमुना तिरका आहे किंवा कड उतरती आहे, तो इंडेंट सोडा.

हलक्या लोडवर तोच धातू जास्त कडक दिसतो. त्यामुळे गाभाही २५ ग्रॅमनेच मोजायचा. ५०० ग्रॅमचा जुना गाभा घेऊन तुलना केली तर अख्खा नमुनाच अल्फा केस ठरेल! यंत्र तपासायचा ठराविक हार्डनेसचा ब्लॉकही हलक्या लोडला प्रमाणित केलेला हवा. ५०० ग्रॅमच्या ब्लॉकवर यंत्र बरोबर निघालं म्हणून २५ ग्रॅमला बरोबर आहे असं होत नाही.

२५ ग्रॅमला कंप फार जाणवतो. शेजारी कॉम्प्रेसर चालू असेल, किंवा वीज गेल्यावर जनरेटर धडधडत असेल, तर इंडेंट मोठा होतो. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे तुम्हालाच माहीत. लोड बसलेला असताना जनरेटर सुरू झाला तर तो आकडा वहीत कारणासकट बाद करा.

उत्साही_ट्रेनी

क्रॉलमध्ये एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) दुप्पट केलं तर पट्टा लगेच ठळक दिसतो, वेळही वाचतो. कोणी करून बघितलं का?

पीपी_बीकर (मडगाव)

ट्रेनीभाऊ, नको. एचएफ वाढवलं की आधी बीटा फेजच्या (या धातूत अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे स्फटिक असतात) हद्दी खणल्या जातात, मग फटीतून रस कडेवर परत येतो आणि कड काळी-पांढरी कशीही होते. पट्टा ठळक दिसेल, पण तो तुम्ही तयार केलेला असेल.

साधं क्रॉल पुरे: पाणी ९२ मिली, नायट्रिक ६ मिली, एचएफ २ मिली. आधी पाणी, मग ॲसिड. पॉलिप्रॉपिलीनचा बीकर, काच अजिबात नको. ५ ते १० सेकंद, १५ नको. धुवा, अल्कोहोल, गरम हवा. या पायरीला सूक्ष्मरचना दिसते, पण अल्फा केस आणि नुसती कोरी कड यातला फरक नीट कळत नाही. त्यासाठी दुसरी पायरी: १०० मिली पाण्यात २ ग्रॅम अमोनियम बायफ्लोराइड. पृष्ठभाग करडा होईपर्यंत, साधारण १० ते २० सेकंद. गाभा करडा-तपकिरी होतो, ऑक्सिजन मुरलेला थर पांढराच राहतो. दोघांतला फरक इतका स्पष्ट दिसतो की वाद मिटतो.

माउंट नीट न वाळवता एच केला तर फटीतलं पाणी आणि ॲसिड नंतर हळूहळू झिरपतं. एचिंगनंतर लगेच छान दिसणाऱ्या कडेवर दहा मिनिटांनी डाग येतो, तो झिरपा. अल्फा केस दहा मिनिटांनी उगवत नाही.

प्रयोगशाळेत सेम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) असेल तर आणखी एक खात्री. ऑक्सिजन अल्फा फेजला स्थिर करतो, म्हणून केसमध्ये बीटा उरत नाही. बॅकस्कॅटरमध्ये (परत उसळलेल्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रात) बीटा व्हॅनेडियममुळे उजळ दिसतो. गाभ्यात उजळ बारीक रेघा आणि कडेच्या पट्ट्यात त्यांचा अभाव, तर तो खरा केस. उजळ रेघा थेट कडेपर्यंत जात असतील तर केस नाही, पॉलिशिंगचा खेळ. आणि रेघा कडेजवळ एका दिशेला वाकलेल्या दिसल्या तर तो मशीनिंगने ओढलेला थर आहे, भट्टीचा नाही. त्याचं नाव रिपोर्टात वेगळं लिहायचं.

एचएफबद्दल मुद्दाम लिहितो, कारण 'थोडंसंच तर आहे' म्हणणारे खूप. २० टक्क्यांखालच्या द्रावणाची जखम लगेच दुखत नाही, कधी कधी दिवस जातो, तोवर फ्लोराइड आत जाऊन कॅल्शियम बांधतं. पातळ नायट्राइलवर जाड निओप्रीनचे हातमोजे, चेहऱ्याला ढाल, फ्यूम हूड चालू. टेबलावर २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, मुदत तपासलेलं. कातडीला लागलं तर लगेच भरपूर पाणी, मग जेल चोळत राहायचं आणि चोळता चोळताच इस्पितळ गाठायचं. दुखत नाही म्हणून घरी जायचं नाही. डोळ्याला जेल नको, फक्त पाणी. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) नेत असाल तर 'ॲसिड लागलं' एवढंच सांगू नका, हायड्रोफ्लोरिक म्हणा आणि बाटलीचं सुरक्षापत्रक सोबत द्या, उपचार वेगळा आहे. अमोनियम बायफ्लोराइडलाही हेच नियम, पावडर आहे म्हणून गाफील राहू नका. वापरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही. चुन्याने शांत केलं की कॅल्शियम फ्लोराइड खाली बसतं, ते घातक कचऱ्यात जातं.

माउंट_नं_७ (वेर्णा)

सगळ्यांचे आभार. फोकसची तपासणी लगेच केली. अ नमुन्यात कडेचा फरक ४ मायक्रॉन, ब मध्ये ५, क मध्ये ३. म्हणजे तिन्ही माउंट वाचण्याच्या लायकीचे नव्हते.

दोन शंका. कडेला आधार म्हणून इलेक्ट्रोलेस निकेल चढवू का? आणि सगळं सुधारल्यावरही 'तुमची पद्धत अल्फा केस पकडते कशावरून' असं ऑडिटरने विचारलं तर काय दाखवायचं?

आरसा_फिनिश (फोंडा)

निकेल टायटॅनियमवर सहजी धरत नाही, धरावं म्हणून आधी एचएफ असलेल्या ॲसिडने पृष्ठभाग जागा करतात. जो थर शोधायचा तोच आधी खाऊन टाकायचा, असा तो प्रकार! वीस मायक्रॉनच्या शोधात पाच मायक्रॉन गेले तरी निकाल फिरतो. त्यापेक्षा दोन नमुन्यांची तपासायची तोंडं एकमेकांसमोर ठेवून क्लिपने दाबा आणि एकत्र माउंट करा. दोघं एकमेकांच्या कडा सांभाळतात. मधली फट जितकी बारीक तितकं चांगलं, पण रेझिन आत शिरलं पाहिजे.

दुसऱ्या शंकेचं उत्तर या सगळ्या चर्चेचं मूळ आहे. साक्षीदार नमुना ठेवा. त्याच हीटच्या (एकाच वेळी वितळवलेल्या धातूच्या) बारचे दोन तुकडे, साधारण २० बाय १० बाय ५ मिलिमीटर. हवेच्या भट्टीत ७६० अंशांना दोन तास ठेवा. एका तुकड्याचं तोंड जसंच्या तसं ठेवा: हा 'होकार'. दुसऱ्याचं तोंड अर्धा मिलिमीटर पाण्याखाली हळू ग्राइंड करून काढून टाका: हा 'नकार'. दोघांना वेगवेगळ्या खाचा पाडा आणि तपासायच्या नमुन्याबरोबर एकाच माउंटमध्ये घाला. होकारात पट्टा दिसला नाही तर एचिंग चुकलं. नकारात दिसला तर पॉलिशिंग चुकलं. दोघे बरोबर आले तरच मधल्या नमुन्याविषयी तोंड उघडायचं. तेच पेपर, तोच कपडा, तेच एच, तोच माणूस. ऑडिटरच्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

अवांतर: भट्टीतून निघालेला भाग सोनेरी किंवा निळा दिसला की काही जण 'अल्फा केस आला' म्हणतात. तो रंग ऑक्साइडच्या पापुद्र्याचा. खाली केस असेल किंवा नसेल, रंगावरून खोली कळत नाही. आणि केमिकल मिलिंगनंतर रंग गेला म्हणून केस गेला असंही नाही.

अडीच_कर्ण (पुणे)

एक जोड. थर १० मायक्रॉनच्या आत असेल तर नूपलाही जागा पुरत नाही. तेव्हा तिरपा छेद घ्या. तपासायच्या तोंडाशी साडेअकरा अंशांचा कोन करून पॉलिश केलं तर खोली पाचपट पसरते, ८ मायक्रॉनचा थर ४० दिसतो. अंतरं नंतर पाचने भागायची आणि कोन रिपोर्टात लिहायचा. मात्र इंडेंट खाली किती खोल धातूवर बसला आहे याचंही भान ठेवा.

उलट, नेहमीच्या उभ्या छेदात नमुना पाच-दहा अंश कलला तरी जाडीत दीड टक्क्याच्या वर फरक पडत नाही. त्यावर भांडत बसू नका. काहींना ती सवय असते.

माउंट_नं_७ (वेर्णा)

नवीन पद्धतीने केलं. गरम माउंट, ३२० चा एक पेपर दोनदा बदलून, ९ मायक्रॉन, सिलिका आणि पेरॉक्साइड दहा मिनिटं, दोन पायऱ्यांचं एचिंग, होकार-नकार सोबत. फोकसचा फरक सगळीकडे एक मायक्रॉनच्या आत.

अ आणि ब: पट्टा नाही. बीटाच्या रेघा थेट कडेपर्यंत.

क: फिलेटच्या गोलाईत सुमारे ३ मिलिमीटर लांबीत १८ ते २० मायक्रॉनचा सलग पांढरा पट्टा, दोन्ही टोकांना निमुळता. बॅकस्कॅटरमध्ये बीटा नाही. नूप २५ ग्रॅम, १२ मायक्रॉनवर ४६८, ४५५, ४८१. गाभ्याची सरासरी ३६२. होकारात पट्टा स्पष्ट, नकारात नाही.

म्हणजे दोन नमुन्यांत आम्ही नसलेला दोष बघत होतो आणि तिसऱ्यात असलेला दोष हार्डनेसच्या नावाखाली सोडणार होतो. आता एवढंच विचारतो की केमिकल मिलिंग झाल्यावर फक्त फिलेटमध्येच कसा उरला?

टाकीवाला (बेळगाव)

फिलेट आतल्या गोलाईचा आहे ना? मग बुडबुडे. टायटॅनियम खाताना वायू सुटतो, आतल्या कोपऱ्यात तो अडकतो, आणि बुडबुड्याखाली ॲसिड पोहोचत नाही. पट्टा दोन्ही टोकांना निमुळता आहे, हीच बुडबुड्यांची खूण. रॅकवर भाग असा टांगायचा की फिलेटचं तोंड वर राहील आणि वायू निसटेल. मधूनमधून भाग हलवायचा किंवा फिरवायचा, टाकीतलं द्रावण ढवळतं ठेवायचं.

दुसरं कारण: मिलिंगआधी ऑक्साइडचा पापुद्रा नीट निघाला नसेल तर ॲसिड सपाट तोंडावर चालतं आणि कोपऱ्यात अडखळतं. ब्लास्टिंगची नोझल फिलेटपर्यंत सरळ पोहोचते का बघा. मास्कंटचा (ॲसिड लागू नये म्हणून लावलेल्या लेपाचा) अंश उरला असेल तर मात्र पट्ट्याची कड निमुळती नसते, तुटक, पायरीसारखी असते. तुमच्याकडे ते दिसत नाही.

तिसरं, आणि हे बहुतेक दुकानांत राहून जातं. किती मायक्रॉन धातू निघाला हे मायक्रोमीटरने सपाट तोंडावर मोजतात. फिलेटमध्ये मायक्रोमीटर लागतच नाही. कागदावर आकडा पूर्ण असतो आणि कोपऱ्यात अर्धाच निघालेला असतो. तुम्ही फिलेटमधून नमुना घेता म्हणून सापडला. पुढच्या तीन-चार लॉटना फिलेटचे नमुने वाढवा, वेगवेगळ्या रॅकच्या जागांवरून.

पुन्हा मिलिंग करणार असाल तर ॲसिडाचं प्रमाण तपासल्याशिवाय भाग टाकीत घालू नका. नायट्रिक आणि एचएफ आकारमानाने दहास एक धरतात. नायट्रिक उतरलं की हायड्रोजन धातूत शिरतो आणि तो ठिसूळ करतो. केस काढायला जायचं आणि हायड्रोजन घेऊन परत यायचं!

कागद_आधी (पणजी)

रिपोर्टाचं सांगतो.

पहिले निकाल खोडायचे नाहीत, फाडायचे नाहीत. 'अवैध' असा शेरा आणि कारण लिहा: कड गोल, फोकसचा फरक अमुक, इंडेंटचं अंतर ई-३८४ पेक्षा कमी. सही, तारीख. पुनर्तपासणी का केली ते या कारणांमुळे आपोआप सिद्ध होतं. निकाल आवडला नाही म्हणून पुन्हा केली, असा वास यायला नको. पास येईपर्यंत घासत राहणं हा ऑडिटरला सर्वात लवकर सापडणारा गुन्हा आहे.

रिपोर्टात क नमुन्याचा निकाल तसाच जायचा: जागा, लांबी, जाडी, हार्डनेस, फोटो, मोजपट्टीसकट. कारण बुडबुडे असावेत हे मत आहे, निकाल नाही. ग्राहकाने मत मागितलं असेल आणि तुमच्या प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या व्याप्तीत ते बसत असेल तरच, आणि वेगळ्या शीर्षकाखाली.

खरी डोकेदुखी पुढे आहे. जूनपासून याच पद्धतीने दिलेले सगळे रिपोर्ट आता संशयाखाली आले. आयएसओ १७०२५ या चाचणी प्रयोगशाळांच्या मानकाच्या ७.१० कलमात याची वाट दिलेली आहे: काम थांबवा, परिणाम किती दूर गेला ते बघा, गरज असेल तिथे ग्राहकाला कळवा, मग दुरुस्ती. ठेवलेले जुने माउंट फोडून त्याच नमुन्यांवर नवी तयारी करता येते, म्हणून माउंट टाकू नका. दोन्ही पाळ्यांतल्या माणसांना एकच माउंट न सांगता वाचायला द्या आणि दोघांचे आकडे शेजारी लिहा. तुमच्या मूळ प्रश्नात दोन माणसांचे दोन निकाल होते, नॅडकॅपचा (विमान उद्योगाच्या मान्यता योजनेचा) ऑडिटर तिथूनच सुरुवात करेल.

माउंट_नं_७ (वेर्णा)

ग्राहकाला कळवलं. पुन्हा मिलिंग ठरलं आहे, म्हणून हायड्रोजनची चाचणी आमच्याकडेच येणार. मर्यादा १२५ पीपीएम (दहा लाखात १२५ भाग). या दमट हवेत त्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा?

पीपी_बीकर (मडगाव)

भरवसा ठेवा, पण ओलावा बाहेर ठेवून. ०.२ ग्रॅमच्या तुकड्यात १२५ पीपीएम म्हणजे एकूण २५ मायक्रोग्रॅम हायड्रोजन. तुकड्यावर २० मायक्रोग्रॅम पाणी चिकटलेलं असलं तर त्यातून सव्वादोन मायक्रोग्रॅम हायड्रोजन येतो, म्हणजे ११ पीपीएमची फुकटची भर. ११८ चा माल नापास व्हायला तेवढं पुरतं. बोटाचा ठसाही तेच करतो.

तुकडा अखंड घ्या. बारीक कीस नको, त्याचा पृष्ठभाग फार. कापताना गरम होऊ देऊ नका. कडा फाइलने साफ करा, ॲसिटोनमध्ये धुवा, गरम हवेने वाळवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, आणि त्यानंतर फक्त चिमटा. वजन केल्यावर लगेच यंत्रात (तुकडा वितळवून सुटलेला हायड्रोजन मोजणाऱ्या). ट्रेमध्ये दहा तुकडे मांडून चहाला जायचं नाही. ग्राफाइटची क्रूसिबल आणि टिनचं फ्लक्सही डेसिकेटरमध्येच ठेवा. क्रूसिबल आधी यंत्रात तापवून वायू काढल्याशिवाय नमुना सोडू नका.

भट्टीचं तोंड उघडलं की इलेक्ट्रोडवर ओलावा बसतो. म्हणून पावसाळ्यात ब्लँक (नमुन्याशिवायची चाचणी) दिवसातून एकदा नाही, दर पाच-सहा नमुन्यांनी. ब्लँक वर सरकू लागला तर आधी खोलीतला डीह्युमिडिफायर बघा, मग डेसिकेटरची जेल. चवथीच्या सुट्टीत यंत्र चार दिवस बंद राहिलं असेल तर पहिले तीन-चार ब्लँक फेकूनच द्यायचे, त्यावर कॅलिब्रेशन बसवायचं नाही.